वाचक विचारतात : माहा भाव कोण लावते?

या महिन्यात पत्रं भरपूर आली, काही पोस्टाने, बरीचशी व्हॉट्सॲपवर, आणि काहींनी तर सरळ व्हॉईस मेसेज पाठवले ते आम्ही ऐकून लिहून काढले. बहुतेकांचा सूर एकच होता, मी काही कामाचा नाही, मी काही कामाची नाही. म्हणून बाकीचे प्रश्न (लग्नपत्रिकेवर कोणतं वचन छापावं, उपासात चहा चालतो का वगैरे) पुढच्या अंकात घेऊ, यावेळी तिघांशीच बोलू. नावं आणि गावं छापली नाहीत. भाषा ज्याची त्याची ठेवली आहे.

पत्र पहिलं : यवतमाळ जिल्ह्यातून एक बहीण

ताई, जय ख्रिस्त. माहं वय चौतीस, शिक्षण आठवी. आमचं वावर नाही, लोकाच्या वावरात मजुरीले जाते, आता कापूस वेचणं सुरू हाय. माह्या जावेचा हात लय चालते, तिचे पन्नास किलो झाले त माहे तीसच होते. संध्याकाळी काट्यापाशी सगळ्यायसमोर आकडा बोलतात आन घरी आल्यावर सासू तोच आकडा पुन्हा पुन्हा बोलते. दोन पोरी हायेत, पोरगा नाही, तेही हायेच बोलायले. पोरीयचे बाबा वाईट नाहीत पण त्यायच्या तोंडून शब्द निघत नाही. लाडक्या बहिणीचे पंधराशे आले की त्या दिवशी मी लाडकी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रविवारी चर्चले जाते थे बी आता नको वाटते, काहून की साक्षीच्या वेळेले कोणाच्या पोराले नोकरी लागली, कोणाचं घरकुल मंजूर झालं, कोणाची गाठ बिना ऑपरेशनची गेली, मी काय सांगू? आन मांगच्या रविवारी पाळक साहेबानं सांगतलं की स्वतःले नाकारा, मीपणा मारा. ताई, माह्यापाशी मीपणा हायेच कुठं मारायले? पण मले वाटते की कोणीतरी मले बी काही समजावं, त असं वाटणं पाप हाय का? बहिणीनं स्टेटसले ठेवलं होतं 'तू राजाची लेक आहेस', वाचून हसूच आलं, राजाची लेक पऱ्हाटीत वाकून हाय.

उत्तर

बहिणी, शेवटचा प्रश्न पहिले घेते. नाही, पाप नाही. कोणी आपल्याला माणूस म्हणून मोजावं असं वाटणं म्हणजे भूक आहे, आणि भूक लागणं पाप नसते.

आता ते स्वतःला नाकारायचं. हे वचन बायबलातल्या लूकच्या पुस्तकात 9व्या अध्यायात आहे, 23वं, आणि मी प्रत्येकाला सांगते की एक वचन वाचून पुस्तक बंद करू नका, पान उलटा. त्याच अध्यायात 46व्या वचनाला पोचली की तुला दिसेल, शिष्यांचं भांडण लागलं आहे की आपल्यात मोठा कोण. म्हणजे ज्यांना ऐकवलं त्यांच्यापाशी मीपणा पोतं भरून होता, त्यांना सांगणं गरजेचं होतं. तुझ्या घरात तुझं ताट सगळ्यात शेवटी वाढलं जाते, तुला तेच वचन तसंच्या तसं लावायचं म्हणजे तापाचं औषध अशक्तपणावर दिल्यासारखं आहे. पाळक साहेबांची चूक म्हणत नाही मी, ते सगळ्या मंडळीला बोलतात, त्यात सोसायटीचे अध्यक्षही बसलेले असतात आणि तूही बसलेली असते, पण ऐकताना हे माझ्यासाठी की शेजारच्यासाठी एवढं तरी आपण बघायचं की नाही?

येशूने स्वतः खाली वाकून काम केलं ना, पाय धुतले. योहान 13. तिथे पाय धुण्याच्या आधी, तिसऱ्या वचनात, योहान काय लिहितो ते बघ, की येशूला माहीत होतं की बापाने सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, आणि मग तो जेवणावरून उठला, वरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कंबरेला बांधला, घंगाळात पाणी ओतलं. आधी स्वतः कोण आहे ते पक्कं माहीत, त्यानंतर रुमाल. ज्याला आपण कोण हे माहीत आहे तो वाकला तर ती सेवा, आणि ज्याला कोणी मान धरून वाकवलं ती सेवा नाही, तिला सेवा म्हणून गोड करून सांगू नये, बायकांना तर अजिबातच सांगू नये. सासूच्या पायाला तेल लाव, जरूर लाव, पण 'मी कोणीच नाही' म्हणून नको लावू.

आता काट्याची गोष्ट. कापूस वेचणं मी बघितलं आहे, बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला लागून लागून बोटं फाटतात, ओटी भरली की कंबर वेगळीच होते, आणि दिवस बुडता बुडता गाठोडं काट्याला लटकलं की एक आकडा बोलला जातो. मजुरीसाठी तो आकडा पाहिजेच, किलोमागे पैसे आहेत तर किलो मोजावेच लागतील, त्याच्यावर माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे त्या आकड्याच्या चालण्यावर. तो वावराच्या धुऱ्यावर थांबायला पाहिजे होता, तो चालत चालत तुझ्या चुलीपाशी आला, मग तुझ्या अंथरुणावर आला, आणि आता चर्चमधे तुझ्या शेजारी बसून राहिला आहे.

मत्तयच्या 20व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे, तू शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, ऐकली असशील. मालक सकाळी मजूर आणायला जातो, एक दिनार ठरवतो, दिनार म्हणजे त्या काळची एका मजुराची एका दिवसाची मजुरी. पुन्हा 9 वाजता जातो, 12ला जातो, 3ला जातो आणि शेवटी 5 वाजता जातो, म्हणजे सुट्टीला तासभर राहिला तेव्हा. तिथे काही जण उभेच. तो विचारतो, दिवसभर इथे रिकामे काहून उभे? आणि ते जे उत्तर देतात ते वाचताना मला दरवेळी आपल्या तालुक्याच्या चौकातला सकाळचा मजूर अड्डा डोळ्यासमोर येतो, ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. आळशी होते असं कुठे लिहिलेलं नाही. घेतलं नाही कोणी. धट्टेकट्टे पहिले गाडीत चढले असतील, मग राहिले म्हातारे, बारके, ज्यांचा हात चालत नाही ते. आणि संध्याकाळी मालक पैसे वाटताना सुरुवात ह्या शेवटच्यांपासून करतो आणि पूर्ण दिनार देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात, साहजिक आहे, आपणही केली असती. त्यावर मालक म्हणतो, तुमचं ठरलेलं तुम्हाला दिलं ना, माझ्या पैशाचं मी ठरवीन, मी भला आहे हे तुमच्या डोळ्यात काहून खुपते?

ही गोष्ट मजुरीचा कायदा म्हणून वाचू नको, उद्या कोणी वावरवाला म्हणेल की बायबलात लिहिलं आहे सगळ्यांना सारखं देतो, आणि सारखं म्हणून सगळ्यांना कमी देईल. हे देवाच्या राज्याबद्दल आहे. तिथे काटा नाही. पाचला आलेल्याच्या घरी सुद्धा चूल पेटायची आहे हे मालकाला दिसते, म्हणून तो तेवढं देतो. तुझे तीस आणि जावेचे पन्नास, दोन्ही खरं आहे, आणि दोघी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या तर हा प्रश्न तो विचारणारच नाही. अन् जावेचा रागराग नको करू, तिला पन्नासाच्या खाली यायची भीती असेल, तिचाही जीव त्याच काट्याला टांगलेला आहे.

राजाची लेक म्हणून हसू आलं तुला, मला तुझं हसणं आवडलं, खोटं आमेन म्हणण्यापेक्षा बरं. ते गुलाबी फुलाचे स्टेटस मलाही पचत नाहीत, त्यात आरशासमोर उभं राहून स्वतःला सांगायचं असते की मी भारी, मी ग्रेट, आणि खाली एक वचन डकवलेलं असते. पण तू लिहिलं ना पऱ्हाटीत वाकून हाय, ते वाचून मला लूकच्या 13व्या अध्यायातली बाई आठवली. 18 वर्षं वाकलेली, सरळ उभंच राहता येत नव्हतं. शब्बाथ होता, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, काम करायचं नाही असा, ती सभास्थानात आली होती, मागेच कुठेतरी बसली असेल. तिने काही मागितलं नाही, येशूला ती दिसली आणि त्याने तिला समोर बोलावलं, सगळ्या माणसांच्या देखत, तिच्यावर हात ठेवले आणि ती सरळ झाली. सभास्थानाचा अधिकारी चिडला, म्हणे कामाला सहा दिवस आहेत ना, बरं व्हायला शब्बाथच सापडला काय? येशू म्हणतो, अरे तुम्ही शब्बाथाला आपला बैल, आपलं गाढव गव्हाणीपासून सोडून पाणी पाजायला नेता की नाही, मग ही तर अब्राहामाची, आपल्या मूळपुरुषाची लेक आहे, हिला सोडवू नये?

लेक हा शब्द तिथे त्या भांडणात आला आहे. गावातल्या मोठ्या माणसाच्या तोंडावर, ज्याच्या लेखी तिची किंमत बैलापेक्षा कमी होती त्याला उत्तर म्हणून. तुझी किंमत काय, हे सांगायला तुला स्वतःला आरशासमोर उभं राहायची गरज नाही, तो तुझ्या बाजूने भांडतो आहे. राजाची लेक वगैरे राहू दे बाजूला, हे धर.

साक्षीचं सांगते. मंडळीत साक्ष म्हणजे फक्त झालेली कामं सांगायची अशी पद्धत पडून गेली आहे, ती मला पटत नाही, नोकरी न लागलेल्यांनी काय करायचं, घरी बसायचं? स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी रडणारी आहेत. बहुतेकांचा शेवट तरी स्तुतीने होतो, पण 88वं काढून बघ, ते शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारातच संपते. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. पुढच्या रविवारी उभी राहा आणि म्हण, माझी प्रार्थना अजून ऐकली गेली नाही, पण मी आली आहे, आणि हे स्तोत्र वाचते. वाचून बसून जा. मी पैजेवर सांगते, उपासना झाल्यावर दोन-चार बायका तुझ्यापाशी येतील.

आठवी शिकली म्हणून लाजू नको. पंडिता रमाबाईंनी शेवटच्या वर्षांत आख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायाबापड्यांना समजावं म्हणून, 1922 साली त्या गेल्या आणि 1924 मधे ते छापून निघालं, केडगावच्या मुक्ती मिशनमधे. तिथल्या छापखान्यात काम करणाऱ्या बायका कोण, तर बालविधवा, दुष्काळातून आणलेल्या मुली. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई आपल्या ह्या मध्य प्रांतात येऊन मुली घेऊन गेल्या होत्या. ज्यांना घरात पांढऱ्या पायाची म्हणायचे त्यांच्या हातांनी देवाचं वचन छापलं गेलं. तेव्हा शिक्षणाचं टेन्शन सोड, रोज चार वचनं बोट ठेवून वाच, मोठ्या पोरीला सोबत घेऊन वाच.

पोरीवरून आठवलं. पोरगा नाही म्हणून बोलणाऱ्यांना गणनाचा 27वा अध्याय वाचून दाखव, सलाफहादाला पाच पोरीच होत्या, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, पाचही नावं लिहून ठेवली आहेत, त्या मोशेपुढे उभ्या राहून म्हणाल्या आमच्या बापाचा वाटा आम्हाला द्या, आणि देव म्हणाला ह्या बरोबर बोलतात. आपल्याकडे 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानेही ख्रिस्ती घरात मुलामुलीचा वाटा सारखाच आहे, हे पुष्कळांना माहीतच नसते.

आणि पोरीच्या बाबांना एक वाक्य बोलायला सांग. फार नाही. आई आकडा बोलायला लागली की त्यांनी एवढंच म्हणायचं, 'राहू दे आई, थकून आली ती.' त्यांना आधी सांगून ठेव की मला ह्याची गरज आहे, गप्प माणसाला कळत नसते, शिकवावं लागते. घरात कधी अंगावर हात पडला तर मात्र ही सगळी समजूत बाजूला ठेवायची आणि 112ला फोन करायचा, त्यात वचनाचा भंग वगैरे काही होत नाही.

पत्र दुसरं : अमरावती जिल्ह्यातून एक तरुण

ताई, मी 29 वर्षाचा, बीए झालो. चार एकर कोरडवाहू वावर हाय, सोयाबीन आन तूर. या साली सोयाबीन पिवळं पडलं, शेंगा भरल्याच नाही, सोसायटीचं कर्ज तसंच हाय. पोरगी पाहायले चार-पाच ठिकाणी गेलो, एका ठिकाणी चहा व्हायच्या आधीच पोरीच्या मामानं विचारलं नोकरी काय करता, मी म्हटलं शेती, त त्यायनं मोबाईलच काढला. सोबतचे पोट्टे पुण्याले गेले, त्यायचे फोटो पाहून राहतो. मी चर्चात ढोलक वाजवतो, तेवढा टाईम बरं वाटते. बायबल वाचतो पण देव माह्याशी काही बोलून नाही राहिला. रातच्यानं झोप येत नाही. कधी कधी वाटते आपण नसलो त घरच्यायचं एक ओझं कमी होईल. तुम्ही म्हणसान विश्वास कमी हाय, ते मले बी समजते.

उत्तर

भाऊ, नाही म्हणणार मी तसं. पण तुझ्या पत्रातलं ते 'आपण नसलो तर' मी ओलांडून पुढे जाणार नाही. सरळ विचारते, जीव द्यायचे विचार येऊन राहिले का? येत असतील तर हे पान वाचून झाल्यावर नाही, आत्ताच 14416 लाव, टेलिमानस म्हणून सरकारी फोन सेवा आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री लागते, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, झोप न येणं हे सुद्धा तिथे दाखवायचंच कारण आहे, त्यासाठी वेडं असावं लागत नाही. आणि एक काम आजच कर, फवारणीचं औषध घरात किंवा कोठ्यात असेल ते कुलपात ठेवायला सांग आणि किल्ली तुझ्याजवळ नको, वडिलांजवळ दे. ज्याच्याशी जमते अशा एका माणसाला आज संध्याकाळी जे मला लिहिलं तेच सांग. गळ्यात काटा अडकल्यासारखं होईल, तरी सांग.

आता विश्वासाचं. एलीया हा काही साधा संदेष्टा नव्हता, कर्मेल डोंगरावर त्याने स्वर्गातून अग्नी पडताना पाहिला, 1 राजे 18. आणि लगेच पुढच्या अध्यायात ईजबेल राणीने धमकी दिली तशी हा पळाला, रानात एक दिवसाची वाट चालून एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं देवा, माझा जीव घे, मी काही माझ्या वाडवडिलांपेक्षा चांगला नाही. बघ, तुझंच वाक्य. तुलना तीच, फक्त त्याने वाडवडिलांशी केली, तू पुण्याच्या पोट्ट्यांशी करतो.

देवाने काय केलं? विश्वास कमी पडला म्हणाला? प्रवचन दिलं? एलीया झोपला, देवाने झोपू दिलं. मग दूताने त्याला हलवून उठवलं, म्हणे उठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खाऊन पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा हात लावून उठवलं, उठ, खा, वाट तुझ्यासाठी फार लांबची आहे. एवढंच. संदेष्टा मरायला निघाला होता आणि स्वर्गातून त्याच्यासाठी स्वयंपाक झाला. देव बोलला तो बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर, आणि तोही वाऱ्यात नाही, भूकंपात नाही, आगीत नाही, अगदी हळू. म्हणून देव बोलत नाही म्हणून घाबरू नको, आता कदाचित भाकरीचे आणि झोपेचे दिवस आहेत. आई जेवायला उठवते ना, तिच्यावर खेकसू नको.

एलीयाचं म्हणणं होतं मी एकटाच उरलो. देव म्हणाला सात हजार आहेत. तुझ्या तालुक्यात तुझ्यासारखे सात हजार नसले तरी गावागावात तिशीतले बिनलग्नाचे शेतकरी पोट्टे किती आहेत ते तुला माहीत आहे, प्रत्येक जण आपल्या ओसरीवर बसून समजते की खोट आपल्यातच आहे. खोट भावात आहे, पावसात आहे, आणि पोरीच्या बापांनाही भीती वाटते, त्यांनी पोरीच्या आईचे हाल पाहिलेले असतात. ते मामा मोबाईल काढतात त्यात त्यांचा उद्धटपणा आहे, पण त्यांनी लावलेला भाव हा नवरदेवाचा बाजारभाव आहे, तुझा नाही. यिर्मया संदेष्ट्याला तर देवाने लग्नच करू नको सांगितलं होतं. त्याच यिर्मयाने 32व्या अध्यायात आपल्या गावचं, अनाथोथचं वावर विकत घेतलं, 17 शेकेल चांदी मोजून, साक्षीदार ठेवून, खरेदीखत मडक्यात घालून, आणि केव्हा, तर बाबेलच्या फौजेने यरुशलेम शहराला वेढा दिलेला होता आणि हा स्वतः कैदेत होता. त्या दिवशी त्या जमिनीला कोणी दमडी दिली नसती. देव म्हणाला इथे पुन्हा घरं, वावरं, द्राक्षमळे घेतले जातील.

म्हणून चार एकर विकून शहरात जा किंवा जाऊ नको, दोन्ही मी सांगत नाही, तो तुझा हिशेब आहे. कर्जाचं मात्र सोसायटीच्या सचिवाला आणि बँकेत जाऊन विचार, पुनर्गठन होते का, पीकविम्याचं काय झालं, एकटा जाऊ नको, काकाला ने. आणि एलीयाला पुढे जे काम मिळालं त्यात एक काम होतं अलीशाला गाठायचं. अलीशा तेव्हा काय करत होता माहीत आहे? नांगर हाकत होता, बारा जोड्या चालू होत्या आणि बाराव्या जोडीवर हा होता. देवाच्या पुढच्या संदेष्ट्याचा पत्ता वावराचाच निघाला.

ढोलक सोडू नको. मंडळीतल्या लहान पोरांना शिकव जमलं तर. आणि मला पुढच्या महिन्यात पुन्हा लिही, झोप कशी आहे ते लिही.

पत्र तिसरं : चंद्रपूर जिल्ह्यातून एक आई

ताई, माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, बोलताना अडखळतो. शब्बाथशाळेत वचन पाठ असते पण उभं केलं की पहिल्याच अक्षरावर थांबून जाते आणि पोरं हसतात. मागच्या नाताळच्या नाटकात त्याला मेंढरू केलं, म्हणे ह्याला बोलायचं नाही. घरी येऊन मला म्हणाला, आई देवाला माझी प्रार्थना ऐकायला वेळ लागत असेल ना? काय सांगू त्याला?

उत्तर

सांगा की देवाला घाई नाही. आणि मोशेची गोष्ट सांगा, निर्गम 4, मोशे स्वतः म्हणतो मी जिभेचा जड आहे, दुसऱ्या कोणाला पाठव. देव म्हणतो माणसाला तोंड कोणी दिलं? पण मुलाला पुढचंही सांगा, नाहीतर अर्धी गोष्ट होते, देवाने मोशेची जीभ सुरळीत केली असं तिथे लिहिलेलं नाही, त्याने मोशेच्या भावाला, अहरोनाला सोबत दिलं आणि तशाच जिभेने मोशेला मिसरच्या राजापुढे, फारोपुढे पाठवलं. म्हणजे अडखळणं गेल्यावर मग कामाला घेऊ असं देव म्हणत नाही.

बाकी, जिल्हा रुग्णालयात वाचा उपचार करणाऱ्यांना दाखवा, ह्या वयात नेलेलं चांगलं. तोंडात गोटे ठेवून बोलायला लावणं, जिभेखालची शीर कापणं असले गावठी उपाय कोणी सांगितले तर करू नका. त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, 'हळू बोल, श्वास घे' हेही सारखं नका म्हणू, त्याच्याकडे बघत थांबा, बस. अडखळणारी पुष्कळ मुलं गाणं म्हणताना किंवा सगळ्यांसोबत एका सुरात म्हणताना अडखळत नाहीत, तेव्हा शब्बाथशाळेच्या बाईंना भेटा आणि सांगा की सुरुवातीला वचन दोघा-तिघांनी मिळून म्हणू द्या, आणि एकटा उभा राहिला तर हसणाऱ्यांना बाईंनी तिथेच थांबवायचं, मागाहून नाही. नाटकाचं तर सप्टेंबरमधेच बोलून घ्या, डिसेंबरमधे पार्टं वाटून झालेली असतात. त्याला मेंढरूच व्हायचं असेल तर होऊ द्या, पण विचारा त्याला. मेंढपाळाचा एक डायलॉग हवा असेल तर तो द्यायला सांगा, आणि तो डायलॉग संपायला कितीही वेळ लागला तरी पडद्यामागून कोणी पुढचं वाक्य सांगायचं नाही, हे बाईंकडून आधीच कबूल करून घ्या.